विमा नसलेल्यानं ठोकलं तर? कोल्हापुरात पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरातली रात्र, साडेनऊची वेळ, शिये फाटा. ट्रॅक्टर वळला, मागची पहिली ट्रॉली वळली, दुसरी मात्र उसाच्या ओझ्यानं जरा जास्तच बाहेर आली आणि माझ्या गाडीच्या डाव्या दोन्ही दारांवरून खरवडत गेली. पोरगं विशीतलं होतं. खाली उतरून म्हणालं, "काका, दिसलंच न्हाई." मोबाईलवर ट्रॅक्टरचा नंबर टाकून बघितला तर विमा दोन वर्षांपूर्वी संपलेला. ट्रॉलीला तर नंबरच नव्हता.

माझ्या गाडीचा विमा चालू होता. तरी मला एक रुपया मिळाला नाही. उद्यमनगरात पत्रा काढून, पेंट मारून ३४ हजार झाले, ते माझ्याच खिशातून गेले. कारण जुनी गाडी म्हणून दोन-चार हजार वाचवायला मी नुसता 'थर्ड पार्टी' काढला होता. ही चूक त्या पोराची नव्हे, माझी.

त्यानंतर नात्यातल्या, कॉलनीतल्या चार-पाच जणांच्या पहिल्या गाडीचा विमा मी शेजारी बसून काढून दिलाय. त्यांना जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाका

थर्ड पार्टी विमा तुमच्यासाठी नसतो. करार तुमचा आणि कंपनीचा, आणि तुमच्या गाडीमुळं ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. कंपनी पैसे त्या तिसऱ्याला देते. म्हणजे तुम्ही कुणाला धडकलात तर तुमचा थर्ड पार्टी त्याच्या कामाचा, आणि तो तुम्हाला धडकला तर त्याचा थर्ड पार्टी तुमच्या कामाचा. आता त्याच्याकडं तो नसेलच तर तुमच्या हातात काय राहतं, ते वर सांगितलं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हा विमा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांना चालू विमा नाही, हे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं २०२४ च्या अहवालात नोंदवलंय. यात दुचाकींचा भरणा मोठा, आणि त्याचं कारण साधं आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षं निवांत जातात, आणि सहाव्या वर्षी कुणी आठवण करायला दारात येत नाही. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला जून २०२२ च्या दरांनुसार वर्षाचे ७१४ रुपये आणि वर कर, एवढाच प्रश्न असतो. तेवढ्यासाठी लोक स्वतःचं घरदार पणाला लावून फिरतात.

आपल्याकडं यात आणखी भर. गळीत हंगाम सुरू झाला की कागल, शिरोळ, करवीर, पन्हाळा, कुठंही जा, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या. कायद्यानं ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच आहे, तिचीही नोंदणी लागते आणि विम्यात उल्लेख लागतो. किती ट्रॉल्यांचा असतो ते तुम्हीच बघा. आणि उसाच्या बैलगाडीला धडकलात तर तिच्या विम्याचा प्रश्नच येत नाही. ती मोटार वाहन नव्हे, तिला सक्तीचा विमाच नाही. म्हैस, भटकी कुत्री यांचंही तेच.

इंटरनेटवर शोधलंत तर अमेरिकेतले लेख सापडतील. तिथं 'विमा नसलेल्या चालकापासून संरक्षण' असं वेगळं कलमच पॉलिसीत मिळतं. आपल्याकडं त्या नावाचं काही दुकानात नाही, त्यामुळं एजंटला ते मागत बसू नका. तेच काम आपल्याला चार-पाच तुकडे जोडून करून घ्यावं लागतं.

पहिली पायरी: स्वतःचा कागद काढून वाचा

कोल्हापुरात आपण 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो. कागदावर हे शब्द नसतात. तिथं 'पॅकेज पॉलिसी' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिलेलं असतं आणि आत तीन भाग असतात: तुमच्या गाडीचं नुकसान म्हणजे 'ओन डॅमेज', दुसऱ्याला द्यायची भरपाई म्हणजे थर्ड पार्टी, आणि मालक-चालकाचा अपघात विमा. 'लायबिलिटी ओन्ली' असं लिहिलं असेल तर तुमच्याकडं फक्त थर्ड पार्टी आहे. एजंट तोंडानं काय म्हणाला ते विसरा.

नवी गाडी घेतलेले बहुतेक जण इथंच फसतात. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा असतो, पण ओन डॅमेज सहसा एकाच वर्षाचा. कागदावर दोन वेगवेगळ्या तारखा असतात आणि आपल्या डोक्यात 'तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे' एवढंच बसतं. दुसऱ्या वर्षी पोलिसानं अडवलं तरी अडचण येत नाही, कारण थर्ड पार्टी चालू असतो. अडचण येते ती कुणीतरी ठोकल्यावर. ओन डॅमेजची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरात घाला, महिनाभर आधीची. थर्ड पार्टी चालू असताना नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो, तोही दुसऱ्या कंपनीकडून. सप्टेंबर २०१९ पासून ही सोय आहे.

घासाघीस कुठं करायची तेही समजून घ्या. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा एकच. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी कारला १००० सीसीच्या आत २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६, आणि त्यावर ७,८९७; शिवाय जीएसटी. यात 'तुमच्यासाठी खास सूट' वगैरे काही नसतं. सूट असते ती ओन डॅमेजमध्ये, आणि तिथं मात्र दोन कंपन्यांत चांगलाच फरक निघतो.

थर्ड पार्टीत मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा खासगी कारला साडेसात लाखांची असते. थोडे रुपये वाचवायला ती ६,००० वर आणता येते. आणू नका. सहा हजारांत समोरच्याचा हेडलाइटसुद्धा येत नाही.

दुसरी पायरी: आयडीव्ही कमी करून घेऊ नका

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण कामातून गेली तर मिळणारी रक्कम. नव्या गाडीला किमतीतून पाच टक्के वजा, वर्षभरानंतर वीस, दोन वर्षांनी तीस, तीन वर्षांनी चाळीस, चार वर्षांनी पन्नास. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. ऑनलाइन काढताना पडद्यावर एक पट्टी येते, ती डावीकडं सरकवली की हप्ता कमी होतो. माणसाला मोह होतोच. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात आणि ती आयडीव्हीच हातात पडते. विमा नसलेल्या डंपरनं मागून चेपलं, तर त्याच्याकडून काही वसूल होईल ते होईल, तुमचं गणित या एका आकड्यावर ठरतं. सेकंडहँड बाजारात तुमच्यासारखी गाडी आज कितीला जाते ते बघा आणि त्याच्या जवळपास ठेवा.

तिसरी पायरी: झिरो डेप, आणि तो का

ओन डॅमेज घेतला म्हणजे बिल सगळं कंपनी भरते, असं नव्हे. प्रत्येक पार्टची झीज, म्हणजे 'डेप्रिसिएशन', वजा होते. ती कापू नये म्हणून जादा हप्ता देऊन जोडायचं कलम, म्हणजे अॅड-ऑन, ते झिरो डेप. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर पन्नास टक्के. फायबरवर तीस. काचेवर काही नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणं: दुसऱ्या वर्षी दहा टक्के, तिसऱ्या वर्षी पंधरा, चौथ्या वर्षी पंचवीस, पाचव्या वर्षी पस्तीस. रंगकामाच्या बिलातला चौथा भाग मटेरियल धरतात आणि त्यातले निम्मे कापतात.

हे ऐकून कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे मनाचे आहेत, पद्धत खरी. गाडी चौथ्या वर्षातली, दाभोळकर कॉर्नरला कुणीतरी उलटं घुसून समोरून धडकलं. बंपर ९,०००, हेडलाइट ७,०००, बॉनेट ८,०००, पुढची काच ६,०००, रंग १२,०००, मजुरी ६,०००. एकूण ४८,०००. आता कपात: बंपरचे ४,५००, हेडलाइटचे ३,५००, बॉनेटचे २,०००, रंगाचे १,५००. झाले ११,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेमला १,००० रुपये सक्तीनं स्वतः भरायचे असतात. म्हणजे तुमच्या खिशातून १२,५००, आणि तेही चूक दुसऱ्याची असताना. झिरो डेप असता तर फक्त ते हजार. नट-बोल्ट, ऑइल, कूलंट यांचे पैसे दोन्हीकडं तुमचेच, 'कन्झ्युमेबल्स'चं अॅड-ऑन नसेल तर.

समोरच्याचा विमा असता तर हे साडेबारा हजार त्याच्या कंपनीकडं मागता आले असते. नसेल तर ते त्या माणसाच्या खिशातूनच निघायला हवेत, आणि तो खिसा बहुतेक रिकामा असतो. म्हणून पहिली पाच वर्षं झिरो डेप सोडू नका, असं माझं स्पष्ट मत. त्यानंतर काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. घेताना एकच विचारा: वर्षात किती क्लेम? काही पॉलिसीत दोनच असतात.

हप्ता कमी व्हावा म्हणून 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' सुचवतील. म्हणजे दर क्लेमला आणखी काही हजार मी स्वतः भरीन, असं आधीच कबूल करायचं. नव्यानं गाडी शिकलेल्यानं हे कबूल करू नये.

चौथी पायरी: गाडीपेक्षा माणूस महाग

लोक इथं सगळ्यात कमी वेळ देतात. मी उलट सांगतो, पत्र्याचं एकवेळ राहू द्या, हे आधी करा.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. चूक कुणाची, समोरच्याचा विमा आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. मृत्यू किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर तो मिळतो. पण त्याच्या मर्यादा नीट ऐका. एक, दवाखान्याचं बिल यात नाही. पाय मोडून दोन महिने घरी बसलात तर शून्य. दोन, हा फक्त आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याला, आणि तेही त्याच्याकडं वैध लायसन्स असेल तर. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, असं राजारामपुरीपासून रुईकर कॉलनीपर्यंत घरोघरी आहे. तिला यातून काही मिळत नाही. तीन, घरात दोन-तीन गाड्या एकाच मालकाच्या असतील तर हा विमा एकदाच पुरे. प्रत्येक पॉलिसीत पैसे भरू नका.

म्हणून वर आणखी तीन गोष्टी.

आत बसणाऱ्यांसाठी 'अननेम्ड पॅसेंजर' अपघात विमा, माणशी दोन लाखांपर्यंत. हप्ता इतका किरकोळ असतो की एजंट स्वतःहून सांगतच नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याचंही कलम वाढवून घ्या, तेही स्वस्त असतं.

घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याच्या नावानं स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी. त्यात 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' हे कलम आहे का बघा. हाड मोडून काम बंद पडलं तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. पगारी माणसाला रजा असते. फौंड्रीतल्या मोल्डरला, हुपरीच्या चांदी कारागिराला, गुऱ्हाळवाल्याला, चप्पल लाइनच्या दुकानदाराला कोण रजा देतंय?

आणि आरोग्य विमा. खरं सांगायचं तर विमा नसलेल्या चालकापासूनचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं संरक्षण हेच. अपघाताच्या उपचाराला सुरुवातीचे तीस दिवस थांबावं लागत नाही, पॉलिसी सुरू झाली की ते लागू. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्र सरकारची रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजनाही आहे: ठरलेल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत उपचार. समोरच्याचा विमा नसला तरी ती लागू होते. पण मांडीच्या हाडाचं ऑपरेशन आणि चार दिवस आयसीयू म्हटलं की दीड लाख कुठल्या कुठं जातात, हे सीपीआर सरकारी दवाखान्याच्या समोरच्या मेडिकलवाल्यालाही विचारा.

नुसत्या थर्ड पार्टीवाल्यांसाठी आणखी एक. पॅकेज पॉलिसीत तुमच्या चुकीनं अपघात झाला तरी आत बसलेल्या घरच्यांना तुमच्या कंपनीकडून भरपाई मागता येते. खासगी कारच्या नुसत्या थर्ड पार्टीत ती जबाबदारी कंपनीवर येत नाही. जुनी गाडी म्हणून पॅकेज काढून टाकताना आत कोण बसणार आहे याचा विचार करा. मी तेव्हा केला नव्हता.

नो क्लेम बोनसचं दुखणं

एक वर्ष क्लेम केला नाही की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, शेवटी ५०. एक क्लेम केला की शून्य. विमा नसलेल्यानं ठोकलं, तुमची काडीचीही चूक नाही, तरी शून्य. हे मलाही पटत नाही, पण पद्धत अशी आहे.

म्हणून छोट्या नुकसानीला क्लेम करावा का, हे गणितानं ठरवा. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळणार होती. क्लेम केलात तर पुढची पाच वर्षं सूट ०, २०, २५, ३५, ४५. नाही केलात तर ४५, ५०, ५०, ५०, ५०. फरकांची बेरीज १२० टक्के, म्हणजे १०,८०० रुपये. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ताही उतरतो, तेव्हा धरा आठ-नऊ हजार. बिल सहा-सात हजारांचं असेल तर गप्प स्वतः भरा, आणि समोरच्याकडून जागेवर काही मिळत असेल तर बघा. तीस-चाळीस हजार असेल तर बोनसचं तोंड बघत बसू नका. क्लेम केला तरी हा बोनस वाचवणारं 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचं अॅड-ऑन मिळतं. ३५ टक्क्यांच्या वर गेलात की त्याला अर्थ आहे, पहिल्या वर्षी नाही.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले की तो बुडतो.

बाकीची अॅड-ऑन पटकन उरकतो. इंजिन प्रोटेक्टचा या विषयाशी संबंध नाही, पण कोल्हापुरात राहून तो न घेणं म्हणजे २०१९ आणि २०२१ चा महापूर विसरणं. पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करून बघू नका, टो करून न्या. 'रिटर्न टू इनव्हॉइस', म्हणजे गाडी पूर्ण गेली तर आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाएवढी रक्कम, पहिली दोन-तीन वर्षं चांगलं. रोडसाइड असिस्टन्स बहुतेक गाडीच्या कंपनीकडूनच असतं, दोनदा पैसे भरू नका. चावी हरवल्याचं वगैरे सोडून द्या.

जुनी गाडी घेतलीत तर

आरसी तुमच्या नावावर झाली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच राहिली, तर थर्ड पार्टी तुमच्याकडं आपोआप येतो, पण ओन डॅमेजचा क्लेम फेटाळला जातो. चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. तो देतो म्हणाला तरी घेऊ नका, पुढं क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीत दोन्हीकडं हवं. आणि खासगी नंबराची गाडी भाड्यानं जोतिबाला, आदमापूरला लावू नका. अपघात झाला तर 'व्यावसायिक वापर' म्हणून कंपनी हात वर करते, आणि मग विमा नसलेले तुम्हीच.

ठोकल्यावर, जागेवर

आधी माणसं. ११२ किंवा १०८; हायवेवर १०३३ सुद्धा चालतो.

मग फोटो. गाड्या हलवायच्या आधी, दोन्ही नंबर दिसतील असे, रस्त्यासकट. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरचा नंबर घ्या, ट्रॉलीवर नसतोच. चालकाच्या लायसन्सचा आणि आरसीचा फोटो मागा. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, तो स्क्रीनशॉट काढून ठेवा. कर्नाटकच्या गाडीचीही तिथंच दिसते. केए-२२, केए-२३ बघून घाबरायचं कारण नाही.

विमा नाही हे कळलं की पाच मिनिटांत तिथं दहा माणसं जमतात आणि त्यांतला एक वडीलधारा म्हणतो, "जाऊ द्या ओ साहेब, गरीब हाय, गावातल्या गावात मिटवू." कुणाला लागलं असेल तर मिटवायचं नाही. पोलिसांत द्यायचं, पंचनामा करून घ्यायचा. हायवेवर हद्दीचा घोळ होतो, शिरोली एमआयडीसी म्हणतं गांधीनगरला जा, ते म्हणतात करवीरला. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो, तेवढं ठामपणे पण शांतपणे सांगा.

नुसता पत्रा गेला असेल आणि तुम्ही क्लेम करणार असाल, तर समोरच्याकडून रोख घेऊन 'माझी तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क तुमच्या कंपनीला मिळतो, तो तुम्ही परस्पर सोडून दिलात तर क्लेम अडतो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय काही कबूल करायचं नाही, ही अट पॉलिसीत छापलेलीच असते. एक काहीतरी ठरवा, रोख किंवा क्लेम. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी उघडू देऊ नका.

क्लेम विनाकारण अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी, मग विमा नियामक इर्डाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५, आणि तरी नाही झालं तर पुण्याचा विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

आणि त्या समोरच्याकडून काय मिळतं?

ठोकून पळून गेला, गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात. पण ठोकणारा सापडला आणि त्याचा विमा नसला, तर ही योजना लागू होत नाही. पळालेल्याची सोय आहे, सापडलेल्याची नाही.

सापडला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आपल्याकडं कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात. अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, ती पाळा. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. चूक सिद्ध करून कलम १६६ खाली जास्त मागता येतात. समोरच्याची पॉलिसी आहे पण चालकाकडं लायसन्स नाही, अशा वेळी न्यायालयं बहुतेकदा कंपनीला आधी द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पॉलिसीच नसेल तर देणारे फक्त मालक आणि चालक. निकाल लागला आणि त्यांनी दिलं नाही तर कलम १७४ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. विमा नसलेली अपघातातली गाडी तारण दिल्याशिवाय सोडू नये आणि तीन महिन्यांत तारण आलं नाही तर लिलाव करावा, यासाठी नियम करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं. माणूस जखमी असेल तर तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत या गाडी सोडण्याबद्दल विचारा. एकदा ती सुटून घरी गेली की मालकाची घाई संपते.

नुसत्या पत्र्याच्या ३४ हजारांसाठी मी कोर्टात गेलो नाही. ट्रॅक्टरमालक दुसऱ्या दिवशी घरी आला होता, चांगला माणूस, चहा घेतला. म्हणाला, "कारखान्याचं बिल निघालं की पयलं तुमचं." त्याला आता तीन हंगाम झाले.